पहिल्या प्रतीची चादर

अंबादास येमूल मास्तरांच्या घरात एकही धड चादर नव्हती.

सोलापुरात हे कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. तेहतीस वर्षं चादरींची नक्षी काढणारा माणूस, आणि त्याच्या पलंगावर चोच नसलेल्या मोराची चादर. दिवाणावर होती तिच्या काठाचा रंग मध्येच पळालेला. पाहुण्यांसाठी घडी करून ठेवलेली त्यातल्या त्यात बरी, तिच्यात फक्त चार धागे तुटलेले. मागावर बिघडलेल्या मालाला कारखान्यात ‘सेकंड’ म्हणत, आणि सेकंड मास्तरांच्या घरी येत. चांगला माल बाहेर जायचा, असा रिवाजच होता. मास्तरांच्या बायकोला, भूदेवीला, त्यात कधी वावगं वाटलं नाही. कुठल्या चादरीत कुठे चूक आहे ते तिला डोळे मिटून हाताने सांगता यायचं, आणि ओळखीच्या चुकांवर झोप चांगली लागते असं तिचं म्हणणं होतं.

मग मास्तरांचा उजवा हात कापायला लागला.

आधी नुसती बशी वाजायची. पुढे सही येईना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हळूहळू काय काय जाईल त्याची कल्पनाही दिली. मास्तर घरी बसले. बाहेरच्या खोलीत नक्षीचा जुना संगणक होता, त्याच्याकडे पाठ करून ते खिडकीशी बसायचे. बोलणं मुळातच कमी, ते आणखी आटलं. एका दुपारी चोच नसलेल्या मोरावर हात फिरवता फिरवता ते म्हणाले, “घरासाठी एक राहिलीच. पहिल्या प्रतीची.”

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तोंडाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. भूदेवीने हैदराबादला मुलीला फोन लावला.

*

तो काळ कसा होता, ते इथे सांगायला हवं.

नक्षीचा सुकाळ झाला होता. यंत्राला नुसतं ‘मोर’ म्हटलं की चहा निवेपर्यंत ते चारशे मोर काढून द्यायचं, एकापेक्षा एक देखणे. दोन-चार वर्षं लोक हरखून गेले, मग त्यांना मोरांचा वीट आला. गिऱ्हाईक म्हणू लागलं, माणसाने काढलेलं दाखवा. पण माणसाने काढलं हे ओळखायचं कसं? त्यासाठी हस्तसाक्ष मंडळ निघालं. नक्षी काढताना कारागिराने मनगटाला पट्टा बांधायचा. मेंदू बोटाला निरोप धाडतो तेव्हा स्नायूंमध्ये अगदी बारीक वीज खेळते, ती हा पट्टा टिपायचा. पडद्यावर ज्या क्षणी चौकोन भरला त्याच क्षणी मनगटातही वीज खेळली असेल, तर तो चौकोन माणसाचा. सगळे चौकोन माणसाचे निघाले की नक्षीवर शिक्का. सोलापुरात जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे, जे थोडेफार माग उरले होते, ते बिनशिक्क्याच्या नक्षीला हात लावत नसत.

तेव्हा मास्तरांची चादर विणली जायची तर आधी त्यांचा हात चालायला हवा होता, आणि मग शिक्का मिळायला.

*

श्रीलता आली ती एक पिशवी घेऊन. हैदराबादला ती कृत्रिम हात बनवणाऱ्यांकडे कामाला होती. पिशवीत मनगटी पट्टे होते आणि काड्यापेटीएवढी एक डबी.

“हा काय, नवा कम्प्युटर?” भूदेवीने विचारलं.

“नाही अम्मा. हा खोटा कीबोर्ड आहे. खोटा माऊससुद्धा.”

जुना संगणक भलता हट्टी होता. त्यातला नक्षीचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांचं दुकान कधीच बंद पडलं होतं. त्याच्यावर नवीन काही चढत नव्हतं आणि इंटरनेट त्याला ठाऊक नव्हतं. तो दोघांचंच ऐकायचा, कीबोर्डचं आणि माऊसचं. श्रीलताची डबी म्हणजे सिरियल अडॅप्टर. एका बाजूने, एका बारीक तारेतून, तिच्यात आकडे शिरत, मुंग्यांसारखे एकामागे एक. डबी ते वाचायची आणि दुसऱ्या बाजूने संगणकाला सांगायची: मी माऊस, तीन घरं उजवीकडे सरकलो, मी कीबोर्ड, माझी पाचची कळ दाबली गेली. संगणक मुकाट विश्वास ठेवायचा. कीबोर्डवर बोटं कुणाची, हे कुठलाच संगणक कधी विचारत नाही.

पट्ट्याने मनगटातली वीज टिपायची, तिचे आकडे करून डबीत सोडायचे, एवढाच सगळा उद्योग. वाटेत श्रीलताने एक गाळणी बसवली होती. आजारी हात सेकंदाला साधारण पाच वेळा एकाच लयीत कापतो. ती लय तेवढी गाळून टाकायची. खाली उरेल तो मास्तरांचा इरादा.

“चहा गाळतात तसं,” मास्तर म्हणाले.

“तसंच, नाना. चोथा वर, चहा खाली.”

उजव्या मनगटाला पट्टा बांधला. हात मांडीवर कापतच राहिला. पडद्यावरचा बाण मात्र हलला, सरळ रेषेत गेला, कोपऱ्यावर वळला आणि एका चौकोनावर जाऊन थांबला. मास्तरांनी हाताकडे पाहिलं, मग बाणाकडे.

“माझाच आहे,” ते म्हणाले.

भूदेवी तोंडाला पदर लावून आत गेली.

*

डबी सगळ्याची नोंद ठेवायची. रंगाच्या कळा दाबायला श्रीलताने डाव्या मनगटालाही एक पट्टा बांधला होता. दुसऱ्या दिवसाची नोंद अशी:

बाण तीन घरं उजवीकडे.
बाण स्थिर.
बाण स्थिर.
बाण स्थिर.



(इथे अकरा सेकंद काही नाही.)



बाण स्थिर.

तिला वाटलं डावा पट्टा बिघडला. तिने तो बदलला, डबी बदलली, तार बदलली. बाण जायचा, थांबायचा आणि थांबूनच राहायचा. डाव्या हातातून निरोपच निघत नव्हता. आजार तिकडेही पोचला की काय, या काळजीने तिचं जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “नाना, रंगाची कळ तुम्ही कुठल्या बोटाने दाबायचात?”

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. “मी कुठे दाबायचो? ती दाबायची.”

*

कारखान्याच्या मालकांनी संगणक घेतला तेव्हा कारखान्यात सुताचा भुगा फार उडतो म्हणून तो मास्तरांच्या घरी आणून ठेवला. तोवर मास्तर मोठ्या चौकटीच्या कागदावर नक्षी काढायचे. माऊस त्यांच्या हातात पेन्सिलीसारखा बसला. कीबोर्डचं मात्र जमेना. कळ शोधायला मान खाली घातली की वर बघेपर्यंत नक्षी डोक्यातून निसटायची.

भूदेवी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, आणि नजर भलतीकडेच. बोटं आपली आपण पान कापत, तंबाखू भरत, टोक दुमडत. मास्तरांची तारांबळ बघून एक दिवस ती सूप बाजूला ठेवून शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. आकड्यांच्या सहा कळा म्हणजे सहा रंग, एवढं तिने विचारून घेतलं. मास्तर बाण चौकोनावर नेऊन थांबवायचे, ती कळ दाबायची, चौकोन भरायचा. मग पुढचा. एका चादरीत असे हजारो.

श्रीलताने लहानपणापासून अम्माला नानांच्या शेजारी बसलेलं पाहिलं होतं. तिला वाटायचं, सोबत म्हणून बसते.

तिने डावा पट्टा नानांच्या मनगटावरून सोडला आणि अम्माच्या उजव्या मनगटाला बांधला.

बाण तीन घरं उजवीकडे.
बाण स्थिर.
कळ: दोन.
बाण एक घर खाली.
बाण स्थिर.
कळ: दोन.
बाण स्थिर.
कळ: पाच.

दुपारभर नोंद धो धो वाहत राहिली. मास्तरांच्या पायातली चप्पल फरशीवर टपटप वाजत होती, काम रंगात आलं की वाजायची तशी. पडद्यावर काठ उमटत होता. नक्षी कसली, ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काम संपेपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

श्रीलता मात्र नोंद वाचून चक्रावली. बाण थांबला की नानांच्या मनगटात कुठलाच निरोप नसायचा. दोनचा नाही, पाचचा नाही. मग पाऊण सेकंदाने अम्माचं बोट उठायचं. आणि त्या पाऊण सेकंदात रंग कोण ठरवायचं?

तिने दोघांना विचारलं. मास्तरांनी भूदेवीकडे बोट दाखवलं. भूदेवीने मास्तरांकडे.

“मी कुठलं ठरवायला,” भूदेवी म्हणाली. “ते सांगतात, मी दाबते.”

“मी काही सांगत नाही,” मास्तर म्हणाले.

मग भाजी करपते म्हणून भूदेवी उठली.

*

तपासणीला मंडळाच्या देवनाळेबाई आल्या. लातूरकडच्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला. त्यांनी आधी चहा घेतला आणि मग नियम सांगितला. तपासणीच्या वेळी कारागीर एकटा असावा.

“वहिनी, तुम्ही घटकाभर आत बसा.”

भूदेवी उठली. इतकी वर्षं ज्या स्टुलावर बसली ते तिने भिंतीशी सारलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. दार ओढून घेतलं. श्रीलताचा जीव टांगणीला लागला. डाव्या हाताने एक-दोन कळा तरी दाबून बघा, असं तिने नानांना सकाळीच विनवलं होतं. ते नुसते हसले होते. आजच्या तपासणीत नक्षी अडली तर शिक्का नाही, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी. सहा महिन्यांत मनगटातली वीज किती विझेल, ते तिला तिच्या आलेखांवरून दिसत होतं.

मास्तरांनी बाण हलवला. चप्पल टपटपली. बाण एका चौकोनावर जाऊन थांबला, आणि चप्पलही थांबली.

मास्तर वाट बघत बसले. बंद दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

चौकोन भरला.

बाण पुढे गेला. टपटप. थांबला. भरला. देवनाळेबाईंनी चष्मा नाकावर चढवला. मास्तरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर निवांत होता, कीबोर्ड टेबलाच्या टोकाला उपडा पडलेला, आणि पडद्यावर रंग पडत होते. मग श्रीलताच्या लक्षात आलं. अम्माच्या मनगटावरचा पट्टा सोडायला ती विसरली होती.

देवनाळेबाई उठल्या आणि त्यांनी हलकेच स्वयंपाकघराचं दार ढकललं.

भूदेवी दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. डाव्या हाताने शेंगा सोलत होती. उजव्या हाताची बोटं ओट्यावर टेकलेली. बाहेर चप्पल वाजायची थांबली की एक बोट उठायचं आणि ओट्यावर टेकायचं. ती ते करतेय हे तिचं तिला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. देवनाळेबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग पडद्याकडे मान वळवून त्यांनी विचारलं, “वहिनी, पान आहे ते. हिरवा रंग चारवर आहे. तुम्ही पाच का दाबताय?”

भूदेवी दचकली. शेंगा हातातच राहिल्या. “भिजवलेलं पान हिरवं कुठं असतंय? वळायला घेतलेलं तेंदूचं पान आहे की ते. खाकीच असतंय.”

“तुम्हाला कोणी सांगितलं तेंदूचं म्हणून?”

भूदेवी परत शेंगांकडे वळली. बाहेर खुर्चीत मास्तर खाली मान घालून हसत होते. त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नव्हतं.

*

श्रीलताने सगळं कबूल केलं. दुसरा पट्टा, विसरलेला, चूक आपली. देवनाळेबाईंनी फॉर्म काढला. त्यात कारागिराच्या नावाला एक ओळ होती आणि खाली साधनांचा रकाना होता. त्या म्हणाल्या, कारागिरासाठी ओळ एकच, दोन नावं बसत नाहीत, नियम त्यांनी केलेला नाही. पण आजारी कारागिराला मदतीची साधनं चालतात. पट्टा चालतो, अडॅप्टर चालतो. मास्तरांचं नाव चादरीच्या धंद्यात सगळ्यांना माहीत. वहिनींना साधनांच्या रकान्यात ‘मदतीची कळ’ म्हणून दाखवलं, तर महिन्याभरात शिक्का येईल.

“लिहा की,” भूदेवी लगेच म्हणाली. “कळ तर कळ. चादर होऊ दे म्हणजे झालं.”

देवनाळेबाईंनी पेन उघडलं.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “तुमच्या नियमात कारागीर कोण?”

“ज्याच्या हाताने चौकोन भरला तो.”

“मग चौकोन कुणी भरले?”

देवनाळेबाईंनी भूदेवीच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

“वर हिचं नाव लिहा,” मास्तर म्हणाले. “भूदेवी अंबादास येमूल. मला खाली टाका. साधनात.”

“मास्तर, तिथे वस्तू लिहितात.”

“माऊस लिहा. पुढे कंसात माझं नाव.”

भूदेवी रागावलीच. लोक काय म्हणतील, मास्तरांचं नाव खाली आणि विड्या वळणारीचं वर, असं ती म्हणत राहिली. मास्तरांनी तिला बोलू दिलं. त्यांचा हात मांडीवर कापत होता. मग कित्येक महिन्यांत बोलले नव्हते इतकं सलग ते बोलले.

“मी बाण नेऊन ठेवायचो आणि बघत बसायचो, आता काय घालते ही. कधी मला वाटायचं लाल, हिने निळा घातलेला असायचा. निळाच बरा असायचा. मी रोज तेवढ्यासाठी बसायचो खुर्चीत.”

“मला वाटायचं तुम्ही सांगता,” भूदेवी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

“कधी सांगितलं?”

“थांबायचात की.”

देवनाळेबाईंनी चष्मा काढून पुसला, परत चढवला, आणि वरच्या ओळीत सावकाश, चांगल्या अक्षरात नाव लिहिलं.

*

शिक्का दिवाळीच्या आधी आला. चादर विणून आली ती दिवाळीनंतर, कारण मागवाल्याने खाकी सूत दोनदा परत रंगवून घेतलं. काठाला चहूबाजूंनी तेंदूची पानं, मधोमध एक सूप, आणि सुपाच्या कडेला टेकलेली चार बोटं. बोटांचा रंग कोणता घालायचा यावर भूदेवीने एरवीपेक्षा जास्त वेळ घेतला होता. नोंदीत ते आहे: दोन सेकंद.

तिने चादर पलंगावर पसरली आणि हाताने चाचपत चूक शोधली. उभी शोधली, आडवी शोधली. सापडली नाही तेव्हा ती घडी करून कपाटात ठेवायला निघाली.

“आता कुणाला विकायची आहे?” मास्तर म्हणाले.

त्या दुपारी दोघं तिच्यावर झोपले. भूदेवीला झोप आली नाही. तिने चोच नसलेला मोर आणून पायांवर घेतला, तेव्हा डोळा लागला.

*

त्यानंतरचं थोडंच आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर हात हलायचा थांबला. कापायचाही थांबला. चप्पल पायात असायची, वाजायची नाही. मास्तर खुर्चीत बसवले की बसत, मान एका बाजूला. श्रीलता हैदराबादहून आली, तिने गाळणी काढून टाकली, कारण गाळायला काही उरलं नव्हतं, आणि पट्टा वाढवता येईल तेवढा तिखट केला. स्नायू हलला नाही तरी निरोपाचं टोक कधी कधी पोचतं, असं तिने अम्माला सांगितलं. कधी कधी म्हणजे किती, ते तिलाही सांगता आलं नाही.

भूदेवीने रोज दुपारी जेवणं झाल्यावर संगणक लावायला सुरुवात केली. मास्तरांच्या मनगटाला पट्टा, तिच्या मनगटाला पट्टा, स्टूल भिंतीपासून ओढून शेजारी. पडद्यावर कोरी चौकट. ऐकायला टपटप नव्हती, म्हणून ती आता मास्तरांच्या श्वासाकडे कान लावून बसायची. शेजारणीने विचारलं, काय करता हो दोघं? काम चाललंय, असं तिने सांगितलं.

डबीची नोंद, आठवा दिवस:

बाण स्थिर.
बाण स्थिर.



बाण स्थिर.



बाण एक घर उजवीकडे.
बाण स्थिर.

भूदेवीने वळून पाहिलं. हात मांडीवर तसाच होता. डोळे पडद्याकडे, वाट बघत असलेले. आता काय घालते ही.

तिने पुरता वेळ घेतला.

कळ: दोन.